क्षला मायनसच नाही, मग काढू काय?

नववीच्या पहिल्या घटक चाचणीत मी केवलमूल्यावर, म्हणजे दोन उभ्या रेषांनी दाखवतात त्या संख्येच्या शून्यापासूनच्या अंतरावर, दोन छोटे प्रश्न घातले होते. पहिला, |क्ष − ४| = ३ सोडवा. दुसरा, क्ष < ० असेल तर |क्ष| = किती? दोन्ही मिळून तीन गुण. वर्गातल्या सगळ्यात नेटक्या मुलीचा पेपर हातात आला. पहिल्याच्या खाली तिने लिहिलं होतं: क्ष + ४ = ३, म्हणून क्ष = −१. दुसऱ्याच्या खाली फक्त |क्ष| = क्ष, आणि त्याभोवती पट्टीने आखलेली चौकट. उत्तराबद्दल खात्री असली की ती चौकट आखते, हे मला माहीत होतं.

याच मुलीने आठवड्यापूर्वी आकड्यांची सगळी उदाहरणं बरोबर सोडवली होती. |−७| म्हणजे ७, |३ − ११| म्हणजे ८, |−२| × |६| म्हणजे १२. कुठे खाडाखोड नाही. बाकीचे पेपर काढून पाहिले तर निम्म्याहून जास्त मुलांचं तेच. आकडे असले की बरोबर, अक्षर आलं की घसरगुंडी.

शाळा जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातली, मराठी माध्यमाची. मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, घरी अहिराणी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी, आणि गणितात दोन्हींच्या मधलं काहीतरी. कोणाचंच नाव इथे देत नाही. त्या मुलीला नुसतं ‘ती’ म्हणते.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. रागावायचं नव्हतं, तिने असं का केलं ते ऐकायचं होतं.

“क्ष ऋण आहे असं दिलंय ना? मग |क्ष| बरोबर क्ष कसं?”

“मॅडम, तुम्हीच सांगितलं ना, मायनस काढून टाकायचा. क्षला मायनसच नाही. मग काढू काय?”

“आणि −क्ष लिहिलं असतं तर?”

“ते तर मायनस येईल. केवलमूल्य मायनस कसं येईल?”

मी गप्प बसले. तिचं म्हणणं माझ्याच वाक्यावर उभं होतं आणि त्या वाक्याला ती अगदी प्रामाणिक राहिली होती. “उभ्या रेषा दिसल्या की मायनस काढून टाका” हे मी खरंच म्हटलं होतं. दरवर्षी म्हणत आले होते. घाईच्या तासाला पटकन सांगता येतं, मुलांना आवडतं, आकड्यांची उदाहरणं धडाधड सुटतात. हा नियम आकड्यांवर कधीच चुकत नाही, म्हणून तो चुकीचा आहे याचा पत्ताच लागत नाही.

आता तिच्या पहिल्या उत्तराकडे पुन्हा पाहा. |३ − ११| मध्ये तिने ३ + ११ केलं नव्हतं. आधी वजाबाकी केली, −८ आलं, मग मायनस पुसला. |क्ष − ४| मध्ये वजाबाकी करताच येत नाही. पुसायला समोर एकच मायनस होता, तो तिने पुसला आणि क्ष + ४ झालं. मी तिला −१ परत घालून बघायला सांगितलं. −१ − ४ म्हणजे −५, त्याचं केवलमूल्य ५. “तीन यायला पाहिजे होतं,” ती म्हणाली आणि चौकटीकडे बघत राहिली.

नववीच्या पुस्तकात हा भाग वास्तव संख्यांच्या प्रकरणात येतो. करणी, परिमेयीकरण यांची लढाई संपल्यावर अगदी शेवटी, म्हणजे मुलं आणि शिक्षक दोघंही दमलेले असताना. पुस्तक व्याख्या बरोबर देतं: संख्यारेषेवर शून्यापासूनचं अंतर. त्यापाठोपाठ तीन ओळी. क्ष > ० तर |क्ष| = क्ष, क्ष = ० तर ०, क्ष < ० तर |क्ष| = −क्ष. तिसरी ओळ वाचली की मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी इतकी वर्षं पाहत होते आणि पुढे जात होते.

शब्दांचाही थोडा दोष आहे. केवलमूल्य आणि निरपेक्ष किंमत असे दोन्ही शब्द चालतात. ‘केवल’ मुलांनी ऐकलेला असतो तो हिंदी जाहिरातीत, “केवल ९९ रुपये में”, आणि मूल्य म्हटलं की मूल्यशिक्षणाचा तास. खुणेचीही गंमत आहे. या दोन उभ्या रेषा कार्ल वायरस्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८४१ मध्ये वापरल्या. पण वहीत इंग्रजी अंक लिहिणाऱ्या मुलाला उभी रेघ आणि एक यांत फरक दिसत नाही. एकाने |५| मोठ्याने एकशे एक्कावन्न वाचलं होतं. वर्ग हसला, मीही हसले. हसायला नको होतं.

पहिला उपाय फसला. मी तापमापीचं चित्र काढलं. शून्याच्या वर, शून्याच्या खाली. पारोळ्यातल्या मुलांना! इथे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, आणि थंडीत कितीही कुडकुडलं तरी शून्य कोणी पाहिलेलं नाही. शून्याखालचं तापमान म्हणजे टीव्हीवरचं काश्मीर. मुलांनी चित्र वहीत उतरवून घेतलं, रंगवलंसुद्धा, आणि डोक्यात काही गेलं नाही.

मग विहिरीवर आले.

“तुमच्या मळ्यातली विहीर किती?”

“साठ फूट.”

“मायनस साठ का नाही? जमिनीच्या खाली आहे ना?”

“साठ फूट खोल म्हटलं ना मॅडम!”

त्या मुलाने सहज म्हटलं, पण मला तिथे काहीतरी सापडलं. आपण बोलताना चिन्ह शब्दात ठेवतो आणि आकडा मोकळा सोडतो. विहीर साठ फूट खोल. दुकानात चारशेची उधारी. गाव पाच किलोमीटर अलीकडे. ‘खोल’, ‘उधारी’, ‘अलीकडे’ हे शब्द मायनसचं काम करतात, आणि मागे उरतो तो आकडा म्हणजे केवलमूल्यच. ही मुलं केवलमूल्य जन्मापासून बोलत होती. त्यांना येत नव्हतं ते मी फळ्यावर लिहिलेलं केवलमूल्य.

उधारीने आणखी एक गाठ सुटली. −४०० मोठी की २००? मुलं म्हणाली २००. उधारी कोणाची मोठी, चारशेवाल्याची की शंभरवाल्याची? चारशेवाल्याची. म्हणजे −४०० ही −१०० पेक्षा लहान, आणि तिचं केवलमूल्य मात्र मोठं. एक मुलगी म्हणाली, “माझे बाबा म्हणतात उधारी वाढली. कमी झाली असं कोणी म्हणत नाही.” अगदी बरोबर. घरात कोणी संख्यारेषा काढत नाही, केवलमूल्यच मोजतं.

पण विहीर आणि उधारी दोन्ही शून्यापाशी अडकतात. |क्ष − ४| ला शून्यापासूनचं नव्हे, चारपासूनचं अंतर लागतं. त्यासाठी रस्ता उपयोगी पडला.

श्रावण होता. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, विसर्जनाच्या सोमवारी निम्मा वर्ग गैरहजर होता, म्हणून मंगळवारी सुरुवात केली. पटांगणात चुन्याने लांब रेघ मारली. हा आपला धुळे-जळगाव हायवे. पारोळा शून्यावर. जळगावकडची बाजू धन, धुळ्याकडची ऋण. आकडे सोयीसाठी गोल केले: एरंडोल २५, जळगाव ५५, धुळे −३५. प्रत्येक गावावर एक मूल उभं. मग विचारलं, “एरंडोलपासून तीस किलोमीटरवर कोण?”

“जळगाव!” सगळे ओरडले.

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “मॅडम, तिकडे बी जाता येस ना!” रोज सायकलवर येणारा मुलगा. तो रेघेवरून एरंडोलपासून उलटा चालत निघाला. पंचवीस किलोमीटरवर पारोळा आलं, अजून पाच उरले. तो पारोळ्याच्या पलीकडे, धुळ्याच्या बाजूला, −५ वर जाऊन उभा राहिला. तिथे गावाचं नाव नव्हतं, पण जागा होती.

५५ आणि −५. मग मी फळ्याऐवजी जमिनीवरच लिहिलं: |क्ष − २५| = ३०. मुलांनी समीकरण आधी चालून सोडवलं आणि नंतर वाचलं. हा क्रम मी वर्षानुवर्षं उलटा ठेवला होता.

एसटीही मदतीला आली. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. पारोळ्याहून तीस किलोमीटर धुळ्याकडे जा किंवा तीस किलोमीटर जळगावकडे, टप्पे पाचच. कंडक्टर दिशा विचारतो ती गाव कळायला. धुळ्याच्या बाजूला निघालात म्हणून तो पैसे परत देत नाही. इथे मी |क्ष − २५| = −१० लिहिलं. थोडा वेळ शांतता, मग एकजण म्हणाला, “म्हणजे गाडी रिव्हर्स घ्यायची?” दुसऱ्याने त्याला तिथल्या तिथे कापलं: “रिव्हर्स घेतली तरी टायर झिजतोच.” उत्तर नाही, कारण अंतर ऋण नसतं, हे मला सांगावंच लागलं नाही.

पुढे जिथे घसरणार नाही असं वाटलं होतं तिथेच वर्ग घसरला. |क्ष + ३५| = १०. मुलं ३५ वर जाऊन उभी राहिली आणि तिथून दहा-दहा चालली. उत्तरं ४५ आणि २५. घालून पाहिलं तर जुळेना. क्ष + ३५ म्हणजे क्ष − (−३५), म्हणजे धुळ्यापासूनचं अंतर, उत्तरं −२५ आणि −४५. हे मी फळ्यावर तीनदा लिहिलं तरी बसेना. शेवटी नुसतं विचारलं, “रेषांच्या आत शून्य कधी होतं?” क्ष −३५ असताना. “मग तिथे उभे राहा.” हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. दोन तास गेले.

रस्त्यामुळे पहिला प्रश्न सुटला. दुसरा नाही. क्ष < ० तर |क्ष| किती, याला ती अजूनही ‘क्ष’ म्हणत होती, फक्त चौकट आखत नव्हती.

तेव्हा कळलं की दुखणं उभ्या रेषांत नाहीच. ते −क्ष मध्ये आहे. मी वर्गाला विचारलं, “−क्ष धन की ऋण?” सगळ्यांनी एका सुरात, “ऋण!” समोर मायनस दिसतोय, आणखी काय पाहिजे? आपण मायनस या एकाच शब्दाने तीन कामं करून घेतो. सात मायनस चार ही वजाबाकी. मायनस चार ही ऋण संख्या. आणि मायनस क्ष म्हणजे क्षची विरुद्ध संख्या. सहावीच्या पूर्णांकांत ‘विरुद्ध संख्या’ हा चांगला मराठी शब्द येतो, आणि नववीपर्यंत आपण तो हरवून बसतो. मी त्या दिवसापासून वर्गात −क्ष वाचताना मायनस क्ष म्हणणं बंद केलं. “क्षची विरुद्ध.” लांब वाटतं, पण चालतं.

नुसतं नाव बदलून भागलं नसतं. दुसऱ्या दिवशी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक संख्या. एक चिठ्ठी मुठीत धरली आणि फळ्यावर क्ष लिहिलं. “माझ्या मुठीत क्ष आहे. क्षची विरुद्ध धन की ऋण?”

“ऋण!”

मूठ उघडली. −८. विरुद्ध संख्या ८. वर्ग एकदम थंड.

दुसरी चिठ्ठी. निम्मे “ऋण”, निम्मे “धन”, जुगार लागल्यासारखं. उघडली तर ५. विरुद्ध −५. तिसऱ्या चिठ्ठीला मी विचारायच्या आत ती म्हणाली, “आधी मूठ उघडा, मॅडम.”

मला हवं होतं ते एवढंच. क्ष हे अक्षर झाकलेली मूठ आहे. बाहेरून तिच्यावर मायनस दिसला काय आणि न दिसला काय, आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते इथे वेगळ्या अर्थाने खरं. मग मी म्हटलं, “आता मूठ उघडायची नाही, पण केवलमूल्य सांगायचं आहे. कसं सांगाल?” बराच वेळ कुजबुज चालली. सायकलवाल्याने सुरुवात केली: आत धन असेल तर तीच सांगायची. दुसऱ्या बाकावरून कोणीतरी पुरं केलं: ऋण असेल तर तिची विरुद्ध. मी हे वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, आणि शेजारी पुस्तकातल्या तीन ओळी. मुलांना त्या ओळखीच्या वाटल्या. पुस्तकाने मूठ न उघडता सांगायची युक्ती लिहून ठेवली आहे, एवढंच.

ती फळ्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे −क्ष मध्ये मायनस काढत नाहीत. लावतात.” वर्गातल्या कोणाहीपेक्षा, माझ्यापेक्षासुद्धा, तिने ते नीट मांडलं. ऋण संख्येला विरुद्ध करायला एक मायनस आणखी लावावा लागतो. मी इतकी वर्षं नेमकं उलटं सांगत होते.

एका तासाला पाटणादेवीचा विषय निघाला. वर्गातली बरीच मुलं चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला सहलीला जाऊन आली होती. देऊळ, जंगल, माकडं आठवत होती. तिथे सापडलेला शिलालेख कोणाला ठाऊक नव्हता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याची नोंद १२०७ सालच्या त्या लेखात आहे, आणि तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं यावरचा वाद मी मुलांपुढे काढला नाही. एक त्रिकोण काढला. भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथात हे उदाहरण आहे: बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती?

सातवीत पायथागोरस झालेला असतो, त्यामुळे गणित मुलांच्या आवाक्यात होतं. एक तुकडा १५ येतो, दुसरा −६. मुलं बावचळली. त्रिकोणाची बाजू उणे सहा? आकृती काढली तेव्हा उलगडलं. हा लंब पायावर पडतच नाही, पायाच्या बाहेर पडतो, आणि तो तुकडा उलट्या बाजूला जातो. भास्कराचार्यांनी स्वतः तिथे म्हटलं आहे की ऋण तुकडा म्हणजे दिशा उलट. मग लंब मोजायला १०० मधून ३६ वजा केले, ६४, लंब ८. दुसरीकडून २८९ मधून २२५, तेही ६४. ६ घ्या नाहीतर −६ घ्या, वर्ग ३६च. पाया ९, उंची ८, क्षेत्रफळ ३६. सायकलवाला म्हणाला, “एरंडोलपासून मी पण उलटाच गेलो होतो.” त्याच्या −५ ला आठशे वर्षांपूर्वीची सोबत मिळाली याचा त्याला भारीच आनंद झाला.

आमच्या शाळेतल्या दुसऱ्या गणिताच्या सरांना हा सगळा खटाटोप पटला नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे. पेपरात या भागाला एक-दोन गुण, फार तर तीन. मुलांना पद्धत द्यावी: रेषांच्या आतलं एकदा उजव्या संख्येइतकं, एकदा तिच्या विरुद्ध संख्येइतकं, दोन समीकरणं, दोन उत्तरं, पुढे चला. त्यासाठी मूठ नको, हायवे नको. मी जवळजवळ पाच तास खर्च केले आणि ते पुढच्या प्रकरणांतून कापावे लागले, हेही खरं. ते चुकीचं बोलत नाहीत. त्यांच्या वर्गातली मुलं |क्ष − ४| = ३ माझ्या मुलांपेक्षा लवकर सोडवतात. पण क्ष < ० वाला प्रश्न त्यांनी आपल्या वर्गाला घालून पाहिला तेव्हा उत्तरपत्रिकांत जास्त करून ‘क्ष’च आलं. त्यावर ते म्हणाले, हा प्रश्न बोर्डात येत नाही. यावर मला उत्तर सुचलं नाही. हीच मुलं अकरावी सायन्सला गेली की सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येत |क्ष − अ| समोर येईल आणि मुठीतलं काय ते तेव्हा लागेल, असं मी म्हटलं. सर म्हणाले, ते अकरावीचे लोक बघतील.

सहामाहीच्या आधी तेच दोन प्रश्न आकडे बदलून पुन्हा घातले. रस्त्यावरचा प्रश्न बहुतेकांचा सुटला. क्ष < ० वाला निम्म्यांचाच. बाकीच्यांना अजूनही अक्षराच्या पुढे चिन्ह नसलं की ते धन वाटतं. याला माझ्याकडे अजून पक्का इलाज नाही. मूठ रोज उघडून दाखवावी लागते, आणि रोज तेवढा वेळ मिळत नाही. माझी एक चूक त्यातल्या काहींच्या पेपरात तशीच सापडली. घाईत मी एकदा पुन्हा “मायनस काढा” म्हणाले होते, आणि त्यांनी तेवढंच उचललं होतं.

तिने दुसऱ्या प्रश्नाखाली −क्ष लिहिलं होतं. चौकट नव्हती. कडेला पेन्सिलने बारीक अक्षरांत: “क्ष = −३ घेतला तर विरुद्ध ३.” पूर्ण गुण दिले.

मग तिची वही चाळली. मागच्या पानावर, कोणी न सांगता सोडवलेलं: √(क्ष²) = क्ष. आणि त्याभोवती चौकट, पट्टीने आखलेली. मी लाल शाईने काट मारली नाही. शेजारी “क्ष = −३ घेऊन बघ” एवढं लिहिलं आणि वही परत दिली. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागली. ती आईबरोबर कापूस वेचायला जाते.